पंखांतला शेंदूर

६ नोव्हेंबर १९८१, शुक्रवार. सानगडी.

ज्याच्या स्मरणाने आरंभाला बळ येते त्या विघ्नहर्त्याला, जिच्या कृपेवाचून अक्षर उमटत नाही त्या वाग्देवीला, आणि आमच्या तलावाच्या पाळीवर उभा राहून गावाकडे पाहणाऱ्या वायुपुत्राला नमस्कार करून ही वही उघडतो. विषय असा, की माझा पुतण्या इश्वर विमान करणार आहे.

वाक्य लिहून लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा वाचून पाहिले. ते तसेच आहे.

इश्वरचा बाप, माझा धाकटा भाऊ, मुलगा चार वर्षांचा असताना गेला. मला व गिरजाबाईला अपत्य नाही. तेव्हा मोठे बाबा म्हणून हाक मारणारा तोच आमचा एकुलता. पंधरा वर्षे वायुसेनेत विमानांची दुरुस्ती केली, एका उड्डाण-मंडळात चालविणेही शिकला, आणि आता गावच्या बंद पडलेल्या धानगिरणीत त्याने कारखाना थाटला आहे. विमान दोन माणसांचे, लाकडाचे, वर कापड ताणलेले. आराखडा सर्वस्वी त्याचा. पुढे त्याचे सर्व भाग कापून तीन पेट्यांत भरायचे आणि ज्याला हवे त्याने आपल्या अंगणात जुळवून घ्यायचे, अशी योजना. पहिले मात्र तो स्वतः जुळवून स्वतः उडविणार.

मला काम दिले आहे जुळणीची पुस्तिका लिहिण्याचे. "इंग्रजीत तं कोणीबी लिहीन," तो म्हणाला. "मले असं पायजे का आपला सुतार वाचून विमान जोडन. तुमी लिहा, मोठे बाबा. तुमच्या वाक्यात गलती राहत नाई."

तेहतीस वर्षे शाळेत व्याकरण शिकविल्याचे सार्थक झाले असे क्षणभर वाटले. मग वाटले, मनुष्याला पंख दिले नाहीत यामागे देणाऱ्याचा काही विचार असेल. हा विचार मी बोलून दाखविला नाही.

१७ जानेवारी १९८२, रविवार.

आज जे पाहिले ते लिहिल्यावाचून निजता येणार नाही.

इश्वरने नमुन्यादाखल एक पंख केला होता. तीन महिन्यांचे काम. तो उलटा करून भिंतीला जखडला आणि त्यावर धानाची पोती ठेवू लागला. उडताना हवा पंखाला खालून उचलते, तेव्हा उलट्या पंखावरचे वजन म्हणजेच आकाशातला भार, असे त्याने समजाविले. त्याचे गणित बावीस पोत्यांचे. बावीस झाली, पंख लवला, टिकला. मी हुश्श केले. पण तो थांबेना.

"आता कायले?" सुखराम सुताराने विचारले. "झालं नं तुमचं गणित!"

"तोडाचा हाये, सुखरामभाऊ."

"तोडाले बनवला का जी? मंग मले पयलेच सांगतले असते, म्या फाटे तोडून आनले असते."

"तुटल्याबिगर समजत नाई का कुठवर तुटत नाई."

पंचविसाव्या पोत्याला पंख तुटला. आवाज असा, की पाळीवरचे बगळे उठले. धान जमिनीवर सांडले, लाकडाच्या फाकी उभ्या राहिल्या, आणि इश्वर त्या ढिगाऱ्यात आनंदाने नाचत होता. त्याची पत्नी चंद्रकांता पदराने तोंड झाकून हसत होती. तिने विमानाला सवत असे नाव ठेवले आहे. "मामाजी, सवतीचा हात मोडला," ती मला म्हणाली.

मला हसता आले नाही. नवीन वस्तूच्या आरंभीच तिचे अंग हेतुपुरस्सर मोडणे, तेही अन्नाच्या भाराने. कोणत्या शास्त्रात हे बसते?

२३ जानेवारी १९८२, शनिवार.

सहा दिवस तो आवाज कानातून गेला नाही. आज पाळीवर मारुतीसमोर बसून संकल्प केला. खऱ्या पंखांचे जोड आता लागतील. त्यांपैकी अकरा मोठ्या जोडांच्या आत, लाकडावर लाकूड मिटण्यापूर्वी, तेलात कालविलेल्या शेंदराचा एकेक टिळा माझ्या हाताने लावायचा. जोड मिटला की टिळा आत राहील. माणसाला दिसणार नाही, ज्याला दिसायला हवा त्याला दिसेल. वाऱ्याच्या पुत्राने वाऱ्यात त्याला सांभाळावे.

इश्वरला सांगणार नाही. तो हसेल. शिवाय उच्चारलेले पुण्य उणे होते. प्रांजळपणे लिहायचे तर तिसरेही कारण आहे: त्याच्या यंत्रात माझे असे काही असावे, ज्यावाचून ते उडणार नाही, असे मला वाटते. हा अहंकार असेल. असो. येथेही केवळ संकल्पाचा क्रमांक लिहीन; ठिकाण लिहिणार नाही.

१४ फेब्रुवारी १९८२.

पहिले.

रीत अशी आहे. जोडाची दोन्ही पृष्ठे इश्वर स्वतः काचकागदाने घासतो, कोरड्या फडक्याने पुसतो आणि कोऱ्या कागदाखाली झाकून ठेवतो. नैवेद्यही कोणी इतका सोवळ्यात ठेवीत नसेल. मग तो आतल्या खोलीत सोनाराच्या काट्यावर सरसाची भुकटी आणि पाक तोलून कालवतो. त्याला दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात मी कागद उचलला, अनामिकेने टिळा लावला. सरस काळसर तांबडा असतो. त्याखाली शेंदूर दिसेनासा झाला.

सुखरामने मात्र पाहिले. मी ओठांवर बोट ठेवले. त्याने दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि मग ब्रशाने सरस लावला. जोड दाबून धरणारे शिकंजे आवळताना तो तोंडाने नाम घेत होता. सरळ मनुष्य आहे.

३ मार्च १९८२.

दुसरे.

प्रत्येक वेळी इश्वर त्याच सरसाने दोन लहान पट्ट्या चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी हातोडीने तोडतो. आजही लाकूड फाटले, जोड सुटला नाही. "पाहा, मोठे बाबा! जोड लाकडापेक्षा मजबूत!" मी मनात मारुतीचे आभार मानले.

२१ मार्च १९८२.

तिसरे व चौथे. उजेड फार चांगला होता.

११ एप्रिल १९८२.

पाचवे. गिरजाबाई देवघरातून ओरडली, "अवो, शेंदराची डबी मी मंगळवारी भरली होती. मारुती खाऊन राहिला का तुमी?"

"पाळीवरच्या मूर्तीला लेप देतो."

"मूर्तीले कमी अन् तुमच्या बोटाले जास्त दिसते मले."

मूर्तीला मी लेप देतोच. त्यामुळे हे असत्य नव्हे. तरी बोट धोतराला पुसले.

९ मे १९८२.

सहावे, सातवे. इश्वर म्हणाला की विमान झाले की दुसऱ्या आसनावर पहिला मान माझा. रामटेकच्या टेकडीला वरून प्रदक्षिणा घालू. चंद्रकांता म्हणाली, "म्हंजे मी सवतीची वाटच पाहू!" मला या वयात हसू आवरले नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे सरसाचे काम बंद राहील.

२७ ऑक्टोबर १९८२.

बावीस दिवस अंथरुणात होतो, आज लेखणी धरतो. हिवतापाने पार खाल्ले. मधल्या दिवसांचे स्मरण धुक्यासारखे आहे. कारखान्यात दोनदा गेलो होतो. गिरजाबाई मागून हाका मारीत होती, पायांखालची वाट हलत होती. सुखराम तेव्हा मुलीकडे करडीला गेलेला. कागद उचलल्याचे आठवते, बोट आठवते. संकल्प खंडित झाला नाही, एवढे निश्चित.

६ नोव्हेंबर १९८२.

दहावे.

२४ नोव्हेंबर १९८२.

अकरावे. संकल्पपूर्ती. पाळीवर नारळ वाढविला. खोबरे आतून काळे निघाले. जून नारळ असेल.

१९ डिसेंबर १९८२, रविवार.

खऱ्या पंखांना आज पंधरा पोती दिली. जेवढा भार आकाशात कधीकाळी येऊ शकेल तेवढाच, तोडायचे नाही. दोन्ही पंख टिकले. उजव्यावर चौदावे पोते ठेवताना त्याच्या मुळाशी, जेथे पंख विमानाच्या अंगाला अडकतो तेथे, बारीक आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

सुखराम म्हणाला, "बोलला."

"पोतं बसलं," इश्वर म्हणाला. तरी तो विजेरी घेऊन अर्धा तास त्या जागी वाकून होता. काही दिसले नाही. बाहेरून जोड अखंड होता.

६ फेब्रुवारी १९८३.

दिल्लीहून तपासणी अधिकारी आले, त्यांनी उघडे पंख पाहिले, सही केली. त्यानंतर पंखांवर कापड चढले. इश्वर व चंद्रकांता दिवसभर लेप देतात. त्याचा उग्र वास गिरणीभर. कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताठ होते. आतले काही आता दिसत नाही. सुंदर आहे, हे मला मान्य केले पाहिजे.

१० एप्रिल १९८३.

तलाव आटला. त्याच्या तळाची जमीन भेगाळण्याआधी रोलर फिरवून इश्वरने धावपट्टी केली आहे. आज विमान त्यावर पळाले, शेपूट उचलली आणि थांबले. सारे गाव पाळीवर होते. उड्डाणाचा दिवस मी पंचांग पाहून काढून दिला: अक्षय तृतीया, १५ मे, सकाळी. परवानगी मेअखेरपर्यंतच आहे, आणि जूनमध्ये तलावात पाणी येईल. पहिले उड्डाण त्याने एकट्याने करायचे असा नियम. एका उड्डाण-मंडळाचे सचिव पाहायला येणार आहेत. मन भरले तर सहा पेट्या मागवतील.

२० एप्रिल १९८३.

आज पुस्तिकेचे सातवे प्रकरण, 'जोड लावणे'. इश्वर फेऱ्या घालीत सांगत होता, मी त्याचे बोलणे शुद्ध भाषेत उतरवीत होतो. त्यातील एक परिच्छेद येथे उतरवितो. अक्षर माझेच आहे:

'घासलेल्या पृष्ठास तेल, तूप, मेण अथवा घामेजलेल्या बोटाचाही स्पर्श होऊ देऊ नये. तेलकट पृष्ठास सरस धरीत नाही. असा जोड बाहेरून अखंड दिसतो, काही काळ भारही सोसतो, आणि पुढे पूर्वसूचना न देता सुटतो. म्हणून सरस लागेपर्यंत पृष्ठे कोऱ्या कागदाखाली झाकून ठेवावीत.'

"वाचा," इश्वर म्हणाला.

मी वाचले.

"मस्त. गलती नाई एकबी." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय झालं जी? घाम येऊन राहिला तुमाले."

उन्हाचे निमित्त सांगितले.

२१ एप्रिल १९८३.

मारुतीपुढे बसलो. टिळा एका रुपयाएवढा. त्याने काय होणार? पंधरा पोती टिकली आहेत. देवाच्या नावाने लावलेले तेल आणि चाकाचे तेल एकच कसे असेल?

सुखरामला विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, लाकडाले देव समजत नाई. लाकडाले तेल समजते."

२३ एप्रिल १९८३.

सांगितले तर दीड वर्षाचे काम फाडावे लागेल. परवानगी जाईल, सचिव जातील. आणि गाव माझ्याविषयी म्हणेल, भैय्याजी गुरुजींनी लेकराच्या पंखांत तेल घातले. या शेवटच्या वाक्याचा मला सर्वाधिक धाक वाटतो. लिहिताना लाज वाटते. पण या वहीत लाज लपवायची नाही असे ठरले आहे.

२५ एप्रिल १९८३.

इश्वर सकाळी तळ्यात विमान पळवीत होता. एकदा चाके जमिनीपासून वीतभर उचलली गेली. वीतभरच. आज माझी पूजा झाली नाही. मंत्र म्हणताना मध्येच 'पूर्वसूचना न देता' हे शब्द तोंडात आले.

२७ एप्रिल १९८३, बुधवार.

सांगितले.

तो इंजिनाखाली आडवा होता. मी उभा राहून, विद्यार्थ्याने धडा म्हणावा तसे, आरंभापासून सांगितले. तो बाहेर आला, हात पुसले, पुन्हा पुसले.

"किती?"

"अकरा."

"कुठं कुठं?"

"ठिकाणे लिहिली नाहीत. दिवस लिहिले आहेत."

"मंग दिवस सांगा."

प्रत्येक दिवशी कोणता जोड लागला याची त्याची नोंदवही आहे. मी ही वही उघडून तारखा वाचीत गेलो, तो खूण करीत गेला, आणि कोपऱ्यात सुखराम मान डोलावीत गेला: हो, हाच, हो, तोच. नऊ जोड निश्चित झाले. आठवा व नववा माझ्या तापातले. त्या बावीस दिवसांत त्याच्या नोंदवहीत एकतीस जोड आहेत, आणि सुखराम तेव्हा गावात नव्हता.

"आठवून पाहा जी," इश्वर म्हणाला.

मी डोळे मिटले. कागद दिसला, बोट दिसले. भोवती धुके.

तो रागावला नाही. तो रागावला असता तर बरे झाले असते. एवढेच म्हणाला, "मोठे बाबा, मी सरस कालवाले आत जात होतो. तुमाले पाहून निश्चिंत जात होतो. वाटे, घरचं मानूस हाये तिथं."

२ मे १९८३.

कापड चिरून नऊही जोड उघडले. चार जोडांनी लाकूड फाडून दिले, सुटले नाहीत. पाच जोड सुखरामने पटाशी लावताच अलगद वेगळे झाले. आत शेंदूर ओला होता. चौदा महिन्यांपूर्वीचा, पण आज लावल्यासारखा. सुखराम रडला. इश्वर म्हणाला, "रडू नोको भाऊ, थेंब पडन लाकडावर," आणि पुन्हा काचकागद घेतला.

१२ मे १९८३.

नऊ जोड नव्याने लागले, वर कापड चढले. त्या एकतीस जागा त्याने कापडावरून नाण्याने वाजवून पाहिल्या. सर्वांचा नाद सारखा. "उरलेले दोन कुठं बारक्या फासळीवर असतीन," तो म्हणाला. "एकतीस जोड उघडनं म्हंजे पंखच उघडनं. तीन दिवस राहिले. उडवतो."

चंद्रकांता हे ऐकून आत गेली. आज तिने विमानाला सवत म्हटले नाही.

१३ मे १९८३, शुक्रवार.

ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली, की कोठे आठव्या-नवव्याचा माग लागेल. लागला नाही. पण गेल्या डिसेंबरच्या एकोणिसाव्या तारखेपाशी थांबलो. उजव्या पंखाच्या मुळाशी, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. त्या आवाजाचे कारण मी तेव्हा लिहिले होते: पोते बसले. ते इश्वरचे कारण होते. आवाज मात्र मी ऐकलेला होता.

लगेच कारखान्यात गेलो, त्याला वाचून दाखविले.

"पोतं बसलं होतं, म्हटलं नं तुमाले!" पहिल्यांदाच त्याचा स्वर चढला. "नाणं वाजवलं मी तिथं. नाद बरोबर हाये. आता भेव नका घालू. भेवानं हात थरथरते, अन् हात थरथरला का मानूस मरते."

परत आलो. त्याला सत्य सांगितले, आणि सत्याने तो थांबत नाही. अकरापैकी दोन हा आकडा त्याला लहान वाटतो. मनुष्याला ज्या आकड्याची भीती वाटेल तो आकडा मोठा असावा लागतो.

धर्मज्ञांनी प्राणसंकटी बोललेल्या असत्याचा विचार केला आहे. काहींनी क्षमा सांगितली आहे, काहींनी तीही नाही. बहात्तर वर्षांत मी जाणून एकही असत्य बोललेलो नाही. ते शेंदराच्या डबीबद्दलचे उत्तर आणि ते उन्हाचे निमित्त धरले तर दोन.

१४ मे १९८३, शनिवार.

सकाळी स्नान करून, मारुतीकडे न जाता, सरळ गिरणीत गेलो. तो पंखावरून शेवटचा हात फिरवीत होता.

"इश्वर, मी तुला खोटे सांगितले होते. अकरा नव्हते."

त्याचा हात थांबला. "मंग?"

"एकशे आठ. लाजेने अकरा म्हणालो. जेथे कागद दिसला तेथे लावीत गेलो. फासळ्यांवर, तुळईवर, दोन्ही पंखांत. मोजणे माळेवर केले. वहीत फक्त मोठे लिहिले."

सुखरामने मान वर केली. तो नऊंचा साक्षी. उरलेल्यांचे त्याला कसे ठाऊक असणार? त्याने माझ्याकडे पाहिले आणि पटाशीकडे नजर वळविली.

इश्वर मात्र एकदाही शंकित झाला नाही. ज्या माणसाने त्याला खरे बोलायला शिकविले तो खोटे बोलेल हे त्याच्या मनात कसे यावे? माझ्या साऱ्या आयुष्याचे सत्य मी त्या एका असत्याच्या पाठीशी उभे केले. ते उभे राहिले.

"निंगा," तो म्हणाला. "निंगा इथून, मोठे बाबा."

दाराबाहेर आलो तेव्हा मागे कापड फाटल्याचा आवाज झाला. मग पुन्हा. मग बराच वेळ तोच आवाज.

घरी गिरजाबाईला सांगितले, की एकशे आठ होते. तिने भाकरी उलटली. "एकशे आठाले किती शेंदूर लागते मले मालूम हाये," ती म्हणाली. "डबी मीच भरत होती." आणि थोड्या वेळाने, "जेवून घ्या. कोनाले सांगत नाई मी."

१५ मे १९८३. अक्षय तृतीया.

पाळीवर लोक जमले, वाट पाहिली, गेले. सचिव दुपारी गाडी वळवून परत गेले. मी दार लावून बसलो होतो. उड्डाण झाले नाही.

११ जून १९८३.

अठ्ठावीस दिवस त्याने माझ्या घराची पायरी चढली नाही. सुखराम येऊन सांगे: डावा पंख उघडला, फासळ्या मोकळ्या केल्या, एका बारक्या फासळीवर एक सापडला, तो पक्का धरून होता. आणि चालता होई.

आज सकाळी इश्वर आला. ओसरीवर बसला, गिरजाबाईने पाणी दिले ते प्याला. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेले लाकडाचे दोन तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले.

"उजवा पंख. मुळाचा ठोकळा," तो म्हणाला. "पटाशी लावलीच नाई. अंगठ्यानं उघडला."

दोन्ही तुकड्यांच्या मधोमध रुपयाएवढा शेंदूर होता, केशरी, झगझगीत. त्याच्या कडेने लाकडात केसाएवढी चीर होती, धूळ धरलेली, आजची नव्हे. ती डिसेंबरची असावी. चौदाव्या पोत्याची.

बाहेर चंद्रकांता उभी होती. तिने पदर डोक्यावर घेतला आणि मला नमस्कार केला. तो घेण्यास मी पात्र आहे की नाही हे मला ठरविता आले नाही, म्हणून हात वर केला नाही.

"दोनी पंख काडीकाडी मोकळे केले," इश्वर म्हणाला. "सगळे जोड पाहिले. किती निंगाले सांगू?"

मी मान खाली घातली.

"पयलेचे नऊ धरून अकरा," तो म्हणाला. "एकशे आठ म्हनले होते तुमी."

"हो."

"मोठे बाबा, गनित तुमचं पयलेपासूनच कच्चं."

एवढे बोलून तो हसला. पण हसता हसता त्याचा चेहरा निराळा झाला आणि तो उठून विहिरीकडे गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेले होते. परवानगी गेली आहे, तलावात पाणी येईल, सचिवांचे पत्र नाही. नवे लाकूड यायला सहा महिने, पंख व्हायला वर्ष. हे सर्व त्याने कामाची यादी वाचावी तसे सांगितले. उडेल की नाही हे मी विचारले नाही. उडविणार आहे, हे तो बसला होता त्यावरून कळत होते, आणि मला तीच जुनी भीती वाटली. आता तिच्यावर लेप द्यायला माझ्याजवळ काही नाही.

जाताना म्हणाला, "पुस्तिकेत सातव्या प्रकरनाच्या वर एक कलम घाला. तुमच्या भाषेत. कोनाच्याबी घरी मोठे बाबा असू शकते."

दुपारी लिहिले, ते असे: 'जोड लावण्याच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांस प्रथम सर्व समजावून सांगावे व जवळ बसवून घ्यावे. पूजा करावयाची असल्यास ती विमान पूर्ण झाल्यावर, रंग वाळल्यानंतर, बाहेरून करावी. आत काहीही ठेवू नये. लाकडास कोरडेपणा हाच प्रसाद आहे.'

त्याला दाखविले. 'प्रसाद' शब्द काढू का, असे विचारले. म्हणाला, राहू द्या.

ते दोन तुकडे मी मागून घेतले. देवघरात ठेवले आहेत, उघडे. अनामिकेवरचा डाग अजून गेलेला नाही. राखेने घासला, लिंबाने घासला. ही वही गुप्त राहावी असे आता मला वाटत नाही. तारखा राहिल्या होत्या म्हणून नऊ सापडले. जे लिहिले नव्हते ते अंगठ्याखाली उघडले. म्हणून ही वही पुस्तिकेबरोबर त्याच्या पेटीत ठेवीन.

जो कोणी हे वाचील, त्याच्या घरच्या प्रेमाला तोंड फुटो आणि ते वेळेवर बोलो. तो जे जोडील ते कोरड्या, स्वच्छ हातांनी जुळो आणि भाराखाली एकत्र राहो. जो उचलला जाईल तो सुखरूप खाली येवो, आणि जो खाली उभा राहून वाट पाहतो त्याची वाट संपो. सर्वांचे कल्याण असो.